जवारीच्या कोठीतला दगड

माझा लहानपणचा दोस्त देवमन गेला हे मला बीबी गावच्या स्टँडवर समजलं. पिशवीत नवा वरवंटा होता, पाथरवटाकडून घेतलेला, टाकीचे घाव अजून ताजे. गावचा जीपवाला म्हणाला, “पुंजाजी आबा, लवकर बसा. तुमचा देवमन गेला.” मी बसलो. मांडी बधिर झाली तरी पिशवी खाली ठेवली नाही... तो वरवंटा मी त्यालाच दाखवायला आणला होता.

मी चौथी शिकलो, तीही पूर्ण नाही. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, देवमनवर पेपरात द्यायचं ते माझ्याच हातानं लिहीन. चुका छापणाऱ्यानं सुधाराव्यात, मजकूर सुधारू नये.

आम्ही दोघं विशीत असताना गावाबाहेरच्या बरडावर सरकारी कॅम्प पडला. अणूच्या कामाचं खनिज शोधत होते म्हणे. यंत्रानं जमिनीत खोल भोक पाडायचं, आतून लांब गोल दगड निघायचे, ते नंबर टाकून लाकडी पेट्यांत लावायचे. ते काम देवमनचं. सातवी पास, अक्षर चांगलं. मी फावड्यावर. पुढं कॅम्प उठला, पेट्या सडल्या, दगड बरडावर पसरले. गुळगुळीत, मुठीत बसणारे, जसे वाटण वाटायलाच मापून काढलेले. पहिला दगड घरी मी आणला. देवमन म्हणाला होता, “राहू दे बे. साहेब लोक उगीच नंबर देत नव्हते त्यायले.” मी म्हटलं, “नंबर तर बैलालेही देतेत. मिरच्या वाटल्यानं काय होते?” महिन्याभरात घरोघरी तोच वरवंटा.

आमच्याकडं बारशाला लेकराच्या आधी वरवंटा पाळण्यात निजवतात. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात, बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. माझा दगड सगळ्यात देखणा, काळा, एक टवका नाही. बारसं असलं की माझ्या घरी निरोप यायचा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. माझा दगड आधी निजला नाही असा पाळणा गावात सापडायचा नाही.

मग काही वर्षांनी आमच्या गल्लीत मागंपुढं तिघं रक्ताच्या आजारानं गेली. कशामुळं, ते डॉक्टर सांगत नव्हते. देवमनच्या डोक्यात कॅम्प आला. अर्ज लिहायचा, तालुक्याला लोणारला जायचं, हात हलवत परत यायचं, पुन्हा लिहायचा. लोक त्याला येडा म्हणाले, मीही म्हणालो. “गावाचं नाव खराब करून राह्यला तू. आपल्या पोरी कोण करन मंग?”

“पोरी राहतीन तवा ना,” तो म्हणायचा.

शेवटी मागच्या वर्षी तपासणीची माणसं आली. टिकटिक वाजणारं यंत्र घेऊन बरड फिरले, विहिरीचं पाणी बाटल्यांत भरलं, घरोघरचे कॅम्पचे दगड मागितले. घरांची यादी देवमनच्या हातात. त्या सकाळी मी माझा दगड जवारीच्या कोठीत तळाशी पुरला. दगडाची भीती नव्हती. पण यंत्र त्यावर वाजलं असतं, तर गावातली एकेक आई लेकरू काखेत घेऊन माझ्या दारात उभी राहिली असती.

साहेबानं विचारलं, “तुमच्याकडं आहे?” मी म्हटलं, “नाही.” देवमननं माझ्याकडं पाहिलं... मग साहेबाला म्हणाला, “लिहा, नाही म्हणून. मी ओळखतो त्याले.” खाली साक्षीदार म्हणून सहीही केली.

साहेब गेल्यावर तो जेवायला थांबला. भाकरी मोडायच्या आधी त्यानं कोठीकडं एकदा पाहिलं. त्याला समजलं होतं. मी म्हटलं, “नको खाऊ.”

“तू खाऊन राह्यला, तुह्या घरचे खाऊन राह्यले. मले काय धाड भरली?”

नेलेल्या दगडांचा अहवाल अजून आला नाही. तो मात्र दर सोमवारी जेवायला यायचा, कोठीकडं पाहायचा, मग घास मोडायचा. खाटेवर पडला तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं, “काढला का बे?”

“हाव, काढला. नवा आणला.”

तो हसला. “दाखव मंग.”

म्हणून मी बीबीला गेलो होतो.

तो कशानं गेला, मला माहीत नाही. दगडात काही आहे का, तेही नाही. फेकावा तर कोणी उचलून घरी नेईल; मीच नेला होता. वावरात पुरावा तर खालचं पाणी सगळ्यांचं. साहेबाला द्यावा तर कागदावर देवमन खोटा ठरतो, आणि उत्तर द्यायला तो नाही. जवारी सगळी उपसून टाकली, दगड एकटा तळाशी आहे. घरात विकतचं पीठ येतं. सून काऊन म्हणून विचारते, मी तिच्यावर ओरडतो.

गेल्या आठवड्यात शेजारी बारसं ठरलं. लेकराची आजी वरवंटा मागायला आली. मी नवा दिला. तिनं हातात फिरवून पाहिला. “हा नाही हो आबा. तुमचा तो गुळगुळीत.”

“तो नाही भेटणार.”

“काऊन?”

तिला तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. दगड माझ्याकडं होता आणि आहे. खोटं माझं होतं, देवमनची नुसती सही. साहेबांनी यादी दुरुस्त करावी आणि दगड घेऊन जावा. ज्या आयांना यायचं त्यांनी यावं, मी ओट्यावरच असतो.

सोमवारी सून अजून सवयीनं दोन ताटं मांडते. मी एक उचलायला सांगत नाही. भाकरी मोडायच्या आधी मान कोठीकडं वळते... आधी तो पाहायचा, आता मी पाहतो.