सुई लावली की गाठ चिडते म्हणे...

गेल्या आठवड्यात घाटकोपरला बायोप्सी करून घेतली. रुटीन मॅमोग्राफीत डाव्या स्तनात एक छोटी गाठ दिसली होती... सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय ती कसली आहे ते कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

'स्तन' लिहितानाही हात अडखळला बघा. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स फार मायेच्या, पण गळ्याखालचं सगळं त्यांच्या लेखी 'चेस्ट'. साठी उलटेपर्यंत मीही तेवढ्यावरच भागवलं.

मुलुंडला माझी थोरली नणंद राहते. वन्सं रोज फोन करून बजावायच्या, सुई लावून घेऊ नकोस, गाठ डिवचली की चिडते, अंगभर पसरते. शेवटी मी डॉक्टरांना विचारलंच. त्या हसल्या नाहीत... सुईने गाठ पसरत नाही, या भीतीपायी बायका उशिरा येतात, ते जास्त वाईट, एवढंच म्हणाल्या.

जागा बधिर केली. मग थोडा दाब, स्टेपलरसारखा 'टक्' आवाज... बस्स. खरा त्रास रिपोर्टची वाट बघण्याचा. धुतलेले तांदूळ परत धुतले, आवरलेलं कपाट परत आवरलं, मोबाइल तर हातातून सुटेना.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ.

त्याच संध्याकाळी वन्सं नारळाच्या वड्या घेऊन हजर. पण वड्या राहिल्या बाजूला, मला आतल्या खोलीत नेऊन पट्टीची जागा न्याहाळत बसल्या. किती दुखलं, गाठ वाढली का, ताप आला का... पुन्हा पुन्हा तेच. मी वैतागून म्हटलं, "वन्सं, तुम्हाला परीक्षेला बसायचंय का?"

त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या काखेजवळ, ब्लाउजवर नेऊन ठेवला. सुपारीएवढं काहीतरी कडक लागलं...

"दिवाळीपासून आहे गं. सुधाकरला सांगू नको."

सुधाकर म्हणजे माझा नवरा, त्यांचा धाकटा भाऊ. त्यांचा चहा संपायच्या आत मी त्याला सांगून टाकलं.

आज त्यांना माझ्याच डॉक्टरांकडे घेऊन आलेय. त्या आत आहेत, मी बाहेर बसून हे टाइप करतेय. आत जाताना म्हणाल्या, "इथेच बस, हलू नकोस." हलले नाहीये... पण जीव थाऱ्यावर नाही. दार उघडलं की उठते, दुसरंच कुणी बाहेर येतं, परत बसते.

माझा रिपोर्ट चांगला आल्याचा आनंद अजून नीट झालाच नाही. पण मला ती गाठ आलीच नसती, तर वन्सं कुणाचा हात धरणार होत्या?