डोळा आणि करंगळी

चाचांच्या उजव्या खिशात पिस्तुलाखेरीज काहीही नसायचं. रुमाल, किल्ल्या, सुपारी, सगळं डावीकडे. "खिशातला कचरा पिस्तुलात जातो, भाऊ." माझ्या खिशात बिलं, बडीशेप असायची, एकदा तर लेकीचा पडलेला दात निघाला होता. माझ्याकडे पिस्तूल नाही, हे बहारीनचं भाग्य.

दापोलीचे हे चाचा आमच्या अरबाबचे, म्हणजे मालकांचे, अंगरक्षक. मी अरबाबच्याच सोन्याच्या दुकानात अकाउंटंट. शुक्रवारी सकाळी मी अरादला चाचांच्या खोलीवर चहाला जायचो. नमाजाआधी त्यांची तपासणी चाले. खाली जुनी लुंगी, पिस्तुलाचं तोंड वाळूच्या बादलीकडे. आधी गोळ्यांचं मॅगझिन बाहेर, मग वरची सरकती स्लाइड ओढून नळीतली गोळी बाहेर. मग आत डोकावायचं आणि शिवाय करंगळीनं चाचपायचं. "डोळा फसतो. बोट नाय फसत." मग ब्रशनं खिशातला भुगा झाडायचा, घामानं गंज धरलाय का बघायचं, तेलाचा एकच थेंब. "आमटी नाय करायची."

"चाचा, कधी चालवलंत?"

"चालवायची वेळ आली, तर मी राखण काय केली?"

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी त्यांनी मॅगझिन काढायच्या आधीच स्लाइड ओढली. एक गोळी लुंगीवर पडली, मॅगझिनमधली दुसरी गुपचूप नळीत गेली. मग त्यांनी मॅगझिन काढलं आणि स्लाइड जराशी मागे करून ते आत डोकावले. "खाली." मीही डोकावलो. मलाही नळी रिकामीच दिसली. मग त्यांनी करंगळी घातली, आणि तिथेच थांबले.

गोळी काढून त्यांनी पहिलीशेजारी ठेवली. चहावर साय धरली.

"बोटानं पकडलं ना, चाचा? मग झालं तर. मी कुणाला सांगत नाही."

"तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

"व्हिसा जाईल."

"जाईल."

दुपारी त्यांनी पिस्तूल अरबाबच्या हातात दिलं. "खलास," एवढंच म्हणाले. अरबाबनी खूप समजावलं, ड्रायव्हर म्हणून राहा म्हणाले. चाचांनी डोळ्यांकडे बोट दाखवलं.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. मला काहीच वाटत नव्हतं. पार्किंगच्या पावतीचाच विचार चालला होता. त्यांनी सवयीनं उजवा खिसा चाचपला, रिकामा लागला, तरी हात तिथेच ठेवून आत गेले.

आता झिंज भागातल्या माझ्या घरी मी निजण्याआधी गॅसचं बटण बघतो, मग करंगळीनं चाचपतो.

"बघितलंत ना?" बायको विचारते.

"बघितलं," मी म्हणतो आणि पुन्हा बोट लावतो.