अ‍ॅडाप्टरचा पंचनामा

बीटी कपाशीच्या बोंडातही गुलाबी अळी निघाली, त्या वर्षी माझ्या घरच्या वायफायवरून एका माणसाची बदनामी झाली, आणि चौकशीला आलेल्यांना मी वरच्या मजल्यावरच्या मॅडमचं नाव सांगितलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, आणि त्यातून मी स्वतःला वगळलं असं कुणाला वाटू नये.

आम्ही यवतमाळजवळ लोहाऱ्याला राहतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी वजनकाटा आणि संगणक सांभाळतो. वरची खोली तेव्हा एका कृषी सहाय्यक मॅडमना भाड्याने दिली होती. मूळच्या फुलसावंगीकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या, घरातली पहिली सरकारी नोकरी. दिवसभर स्कूटीवर गावं पालथी घालायच्या, बोंडं फोडून अळ्या बघायच्या आणि संध्याकाळी आमच्या वायफायवरून फोटो ऑफिसला पाठवायच्या. पासवर्ड मीच दिला होता.

त्यात कुणीतरी खोट्या नावाने सोशल मीडियावर लिहिलं की अमक्या कृषी केंद्राने विकलेल्या कपाशीच्या पाकिटावर वाण एक छापलाय आणि आत बी दुसरंच आहे. सोबत मालकाचा फोटो आणि दोन शिव्या. मालकाने पोलिसांत तक्रार केली. तपास होत होत माझ्या कनेक्शनपर्यंत आला. दोघं जण दारात उभे राहिले. “घरात आणखी कोण वापरतं?” मी म्हणालो, “वरच्या मॅडम.” बायको वापरत होती, येणारेजाणारे पाहुणे वापरत होते, त्यांच्यातला कुणी आठवला नाही. मी खोटं बोललो नव्हतो, पण ज्या घाईने बोललो ती घाई खोटीच होती.

मॅडमची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वरिष्ठांनी खुलासा मागितला. खुलासा पटला नाही तर घरी बसावं लागणार, हे उघड होतं. गल्लीला तेवढंच हवं होतं. समोरचे गृहस्थ फाटकाशी येऊन म्हणाले, “मी तं तुम्हाले आधीच म्हटलं होतं भाऊ, अशा लोकायले खोली देत नसतात.”

“अशा म्हणजे कशा?”

“आता तुम्हाले का समजावून सांगू?”

मी फाटकाची कडी लावली आणि घरात गेलो. 

मॅडम संध्याकाळी खाली आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. “काका, मी नाही लिहिलं. पण लिहिलं ते खरं आहे. त्या पाकिटाचं बी मी शेतात उगवलेलं पाहिलं. आता सगळे विचारून राह्यले की लिहिलं कोणं. बी कोणतं, हे कोणीच नाही विचारत.”

त्या वाक्याने मी खडबडून जागा झालो. यांनी नाही लिहिलं, तर लिहिणारा घराबाहेरचाही असू शकतो, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. केबलवाल्या पोराला फोन लावला. तो हसला. “काका, तुमचं वायफाय कोणी फोडूच शकत नाही. टेन्शन नका घेऊ.” पासवर्ड त्यानेच जोडणीच्या दिवशी टाकलेला होता, आठ आकड्यांचा. मी तो कधी बदललाच नाही. संगणकावर पोट भरणाऱ्या माणसाला एवढंही करता आलं नाही, हा आळस कुणाच्या खात्यात टाकू?

आता एकच मार्ग होता. माझंच वायफाय बाहेरून मीच फोडून दाखवायचं. त्यासाठी यूएसबीला लावायचा वेगळा वायरलेस अ‍ॅडाप्टर लागतो. लॅपटॉपच्या आतला साधा अ‍ॅडाप्टर फक्त स्वतःला आलेला निरोप ऐकतो. या कामाला असा लागतो, जो कोपऱ्यात बसून हवेतलं सगळ्यांचं बोलणं ऐकेल. ते जमणं न जमणं आतल्या चिपवर असतं. कोणता चालतो ते शोधून काढलं, मॉडेल नंबर कागदावर उतरवला आणि यवतमाळला बसस्थानकाजवळच्या दुकानातून नेमका त्याच नंबरचा आणला. घरी लावला तर ढिम्म. खूप वाचल्यावर कळलं की कंपनीने मधेच आतली चिप बदलली होती. नंबर तोच, खोका तोच, खोक्यावरचं चित्रसुद्धा तेच. माझा संताप अनावर झाला. माणूस नंबर बघूनच घेणार ना? मग नंबर छापता कशाला?

परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “खोका फोडला तुम्ही. आता वापस नाही होत.”

जिन्यात मॅडमना हे सांगितलं, तर कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. “पाकीट तेच, बी दुसरं? थांबा काका, शनिवारी मी येते.”

शनिवारी दुकानात त्यांनी त्याच नंबरचा दुसरा अ‍ॅडाप्टर काढायला लावला. आधी मोबाइलवर खोक्याच्या चारी बाजूंचे फोटो काढले. मग पर्समधून छोटं ब्लेड काढून खोका खालच्या बाजूने कापायला घेतला.

“अहो मॅडम, वरून उघडा नं! खालून काहून फाडून राह्यल्या?”

“लेबल वर आहे. पाकीट खालून फाडाचं, लेबल शाबूत ठेवाचं. शेतकऱ्यायले रोज हेच सांगतो आम्ही. नाही तं तक्रार करायले गेल्यावर तुमच्यासारखे म्हणतात, पाकीट आमचं नाहीच.” त्यांनी कोरा कागद काउंटरवर ठेवला. “चला, पंचनामा लिहू. साक्षीदार कोण आहे?”

मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेला एक माणूस लगेच पुढे सरकला. “मी होतो ना! मलेही यानं चार्जर असाच देल्ला होता. वरून फास्ट, आतून बैलगाडी.”

दुकानदार घामाघूम झाला. “मॅडम, हे काही बियाणं आहे का?”

“बियाणं असतं तरी तुम्हाले काही झालं नसतं. घाबरू नका.”

हे त्या हसत बोलल्या, पण दुकानात कुणी हसलं नाही. मग अ‍ॅडाप्टर उलटा करून त्यांनी मागचं बारीक अक्षर वाचलं. “काका, हे व्हर्जन म्हणजे आमच्या बियाण्याचा लॉट नंबरच ना?”

मी मान हलवली. आम्हाला पहिलं व्हर्जन हवं होतं, हे दोन्ही नंतरचे. दुकानदाराने सुटकेचा श्वास टाकला. “जुना पाहिजे का? असं बोला नं मंग! जुना कोणी घेत नाही म्हणून माळ्यावर टाकून देल्ला.” स्टुलावर चढून त्याने रंग उडालेला, धुळीने माखलेला एक खोका खाली काढला. मागच्या चिठ्ठीवर आम्हाला हवं होतं तेच व्हर्जन.

“जिंदगीत पहिल्यांदा जुन्या लॉटचा माल मागून घेऊन राह्यली मी,” मॅडम म्हणाल्या.

माझा आधीचा अ‍ॅडाप्टर त्याने मुकाट्याने बदलून दिला. देताना मात्र डोळे बारीक केले. “हॅकिंग-बिकिंग तं नाही ना?”

“आहे ना,” मी म्हणालो. “माझ्याच घरात घुसायचं आहे.”

रविवारी दुपारी मी समोरच्या गृहस्थांच्या कंपाउंडच्या भिंतीवर लॅपटॉप ठेवला. मुद्दाम तिथेच ठेवला. घरातला मोबाइल वायफायला जोडला जात असताना अ‍ॅडाप्टरने ते बोलणं पकडलं आणि लॅपटॉप आकडे जुळवत बसला. गृहस्थांनी चहा आणला. तो निवायच्या आत पासवर्डचे आठही आकडे पडद्यावर होते. सगळं मी मोबाइलवर चित्रित केलं.

“म्हणजे इथं भिंतीवर बसून मीही तुमचं नेट वापरू शकत होतो?”

“तुम्ही, रस्त्यावरचा, कोणीही.”

“अरे वा! कोपऱ्यावरच्याचंही निघते का हो? त्याचं नेट लय फास्ट आहे.”

मॅडमबद्दल एक शब्द नाही. चुकलो म्हणणं तर लांबच. मी त्यांचा चहा तसाच भिंतीवर सोडून निघालो. केबलवाल्याला चित्रण दाखवलं, तर तो म्हणाला, “काका, आम्ही सगळ्यायलेच आठ आकडे देतो. लोकायच्या ध्यानात राहत नाही मोठा पासवर्ड.” सगळ्यायलेच! अख्ख्या वस्तीची दारं यांनी सताड उघडी ठेवायची, आणि चोर कोण म्हणून बोट दाखवायचं ते खोली भाड्याने घेतलेल्या बाईकडे.

सोमवारी मॅडमच्या साहेबांसमोर आम्ही दोघं बसलो. साहेबांनी चित्रण दोनदा बघितलं आणि माझ्याकडे वळले.

“म्हणजे ते तुम्हीसुद्धा लिहिलेलं असू शकतं.”

“असू शकतं, साहेब. म्हणूनच फक्त यांच्याकडे खुलासा मागणं बरोबर नाही.”

“मग तुम्ही यांचं नाव कशाला घेतलं?”

मी लॅपटॉप मिटला. त्यांनी लेखी द्यायला सांगितलं. मी लिहू लागलो: ‘गैरसमजातून मी यांचे नाव घेतले...’ मॅडम शेजारून वाचत होत्या.

“काका, गैरसमज नका लिहू. गैरसमज व्हायले काहीतरी घडावं लागते. काय घडलं होतं?”

“काहीच नाही.”

“मग ‘कोणताही आधार नसताना’ लिहा.”

मी खोडलं आणि तसं लिहिलं. माझ्या हाताने लिहिलेल्या कोणत्याच ओळीची मला इतकी लाज वाटलेली नाही. साहेबांनी कागद वाचला, फाइलला लावला, पेनाला टोपण घातलं. “ठीक आहे मॅडम. खुलासा मान्य. कामाला लागा.”

नोकरी वाचली होती. मी लॅपटॉप पिशवीत भरून उठलो. मॅडम बसूनच राहिल्या.

“साहेब, त्या केंद्राच्या बियाण्याचं काय? मी अहवाल दिलेला आहे. लॉट नंबरसकट.”

“आता? आत्ताच सुटला ना तुम्ही यातून? हंगाम गेला मॅडम. शेतात वाळक्या पऱ्हाट्या राहिल्या फक्त.”

“पाकिटं आहेत ना. गावातल्या लोकांनी जपून ठेवली आहेत, खालून फाडलेली. मागवून घेऊ का?”

साहेबांनी टोपण काढलं, पुन्हा घातलं. ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी बाहेर गेलो असतो तर त्यांना मॅडमना साक्षीदाराशिवाय काही सांगता आलं असतं. दार माझ्या मागेच उघडं होतं. मी खुर्ची ओढली आणि परत बसलो.