जीपमधल्या कॅसेटवरची बिननावाची पोर

“पोरींनी कॅसेटवर नाव सांगायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

हा नियम आमच्या तात्यांचा. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, निवृत्त हेडमास्तर. नियम करायचा अधिकार त्यांना कुणी दिला, असं विचाराल, तर टेपरेकॉर्डर त्यांचा होता!

परवा पुण्याचा मावसभाऊ सांगत होता, की आता लोक गप्पा रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतात. कुणी नुसती टवाळकी करतं, कुणी धंदा शिकवतं, कुणी आयुष्य कसं जगावं ते सांगतं. त्याला म्हणे पॉडकास्ट म्हणतात. मी म्हटलं, “अरे, हे सगळं आम्ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी करून बसलोय. निमगाव सावा ते नारायणगाव, जीपमध्ये!”

त्याला एक किस्सा सांगितला, तर त्याच्यामागून दुसरा आला. किश्श्यांचं टोमॅटोसारखं असतं. एका तोड्यात संपत नाहीत. आज प्लॉट रिकामा केला, की परवा पुन्हा लाल!

* * *

सुरुवात संपतभाऊंच्या जीपमध्ये झाली. जागा नऊ जणांची, माणसं सोळा आणि कॅसेटी तीन. एक भजनाची, एक लावणीची आणि एक चुकून अर्धी भजनाची, अर्धी लावणीची.

मी आणि माझी मैत्रीण रंजना रोज त्याच जीपनं नारायणगावला कॉलेजला जायचो. आम्ही मागे बसून बोलायला लागलो, की संपतभाऊ टेपचा आवाज बारीक करायचे. कधीकधी मागे वळून हसायचेही, आणि मग सगळी जीप ओरडायची, “भाऊ, म्होरं बघा!”

एक दिवस ते म्हणाले, “ताई, तुमी कॉलेजात उतरल्या, की माघारी येताना गाडी लई सुनी वाटती. ह्याच गप्पा कॅसेटीत भरून द्या की!”

झालं! रंजनाच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दुपारी शांतता असायची. तिथं आम्ही बसायचो. रंजनाचे आप्पा शिक्षक, विहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची, ती त्यांनी देऊनच टाकली. टेपरेकॉर्डर तात्यांचा. तो मिळाला, पण अटींसकट. कॅसेटची पहिली बाजू मोठ्यांच्या मार्गदर्शनाला, दुसरी आमच्या बडबडीला. आणि नियम, तो वर सांगितलेला.

“आमच्या आप्पांची काही हरकत नाही,” रंजना म्हणायची. “तुझ्या तात्यांपायी मीसुद्धा बिननावाची!”

तात्यांची ओळख मात्र मीच वाचायची. नाव, वडिलांचं नाव, गाव, पदव्या, भूषवलेली पदं. एकदा घड्याळ लावलं, चार मिनिटं झाली! आम्हाला जीपमधल्या लोकांनी आपापसांत नावं पाडली होती. रंजना ‘हसरी’ आणि मी ‘भांडखोर’.

मला एवढंच हवं होतं, की एकदा त्या जीपमध्ये माझं खरं नाव वाजावं. दर आठवड्याला मी तात्यांना विचारायची. ते चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, “आपल्यात चालत नाही.” आपल्यात म्हणजे कुणात? त्यावर पुन्हा चष्मा!

* * *

तात्यांचं पहिलं गाजलेलं व्याख्यान म्हणजे ‘संयम’.

त्या दिवशी लाईट नव्हती. टेपरेकॉर्डर सेलवर चालवला आणि सेल निघाले मरायला टेकलेले. भरताना टेप रेंगाळत फिरली, आम्हाला कळलंच नाही. जीपमधल्या टेपवर लावल्यावर कळलं! तात्यांचा आवाज साळुंकीसारखा, आणि वाक्यामागून वाक्य सुसाट. अर्ध्या तासाचा संयम अठरा मिनिटांत खलास!

एक म्हातारबाबा म्हणाले, “मास्तरला कुटं आग इझवायला जायचंय का?”

त्यांच्या शेजारची बाई म्हणाली, “संयम सांगतोय आन् घाई बघा त्याची!”

पण गंमत म्हणजे, दुसऱ्या दिवशीपासून लोक चढताचढता फर्माईश करायला लागले, “भाऊ, ते फाष्ट मास्तर लावा.” तात्यांच्या कानावर गेलं. ते मला म्हणाले, “लोक माझं व्याख्यान पुन्हापुन्हा ऐकतात म्हणे?”

“हो तात्या,” मी म्हटलं. “लोकांना राहवतच नाही!”

* * *

नवे सेल घातल्यावर मात्र मार्गदर्शन पूर्ण अर्धा तास चालू लागलं. जीप निमगावात भरायला उभी राहिली, की तात्या सुरू. गाव सुटून ओढ्याच्या पुलापाशी आलं, की ते संपायचे आणि आम्ही सुरू व्हायचो.

दोन आठवड्यांनी संपतभाऊ तात्यांकडे आले. “मास्तर, गावातनं गाडी रिकामी निघती ओ. समदी पुलावर हुबी असत्यात!”

“पुलावर? का?”

संपतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

तात्या म्हणाले, “संपत, लोकांना मार्गदर्शनाची गरज आहे.”

“असंल की. पर मला पाशिंजरची गरज हाये!”

नंतर तात्या आठवडाभर ‘आजची तरुण पिढी’ म्हणून बोलत होते. मी पुलावर जाऊन बघून आले होते. उभ्या असलेल्यांत पन्नाशीच्या आतलं एकही माणूस नव्हतं!

* * *

नारायणगावचा एक बडा व्यापारी आम्ही मोठ्या मिनतवारीनं मुलाखतीला आणला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी विचारलं, “तुमच्या यशाचं रहस्य काय?”

त्यांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हात पुढे करून स्वतःच बटण बंद केलं.

“बाळ, ही कॅसेट माझ्या समोरचा गाळेवालाबी ऐकतो!”

* * *

आमचे शेजारी नाना, मोठे बागायतदार. तात्यांचे जिगरी दोस्त. त्यांनी पहिल्या बाजूला ‘टोमॅटोची यशस्वी बांधणी’ सांगितली. बांबू किती अंतरावर, तार किती उंचीवर, सुतळी कशी. आवाज असा, की टोमॅटोनंही ऐकावं.

ती कॅसेट लागली तेव्हा जीपमध्ये नेमकी नानी बसली होती. नानांची बायको. दोन मिनिटं तिनं ऐकून घेतलं. मग सगळ्या जीपला ऐकू जाईल असं म्हणाली, “खोटं हाय समदं! एवढ्या लांब बांबू लावल्यावर वाऱ्यात प्लॉट निजंल की! ह्यांना काय ठावं? मी बांधत असते तवा हे बांधावर च्या पेत असत्यात!”

पुढच्या आठवड्यात आम्ही नानीला विहारात आणलं. कागद नाही, तयारी नाही. पंधरा मिनिटं ती बोलली, आणि शेवटी म्हणाली, “सुतळी लई आवळू नगा. झाडाला फुगायला जागा ऱ्हाऊ द्या. माणसालाबी ऱ्हाऊ द्यावी.”

रंजना आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. तात्यांना असं एक वाक्य सहा कॅसेटींत जमलं नव्हतं!

पण नियम म्हणजे नियम, नानीलाही लागू. मी शेवटी म्हटलं, “आत्ता आपल्याशी बोलल्या नानांच्या सौभाग्यवती.”

नानी चार दिवसांनी भेटली ती कमरेवर हात ठेवूनच. “काय गं, बोलले मी, आन् नाव ह्यांचं? आता लोक रस्त्यात गाठून सुतळीचं ह्यांना इचारत्यात! आन् हे सांगत्यात बी!”

* * *

रंजनाचा एक कार्यक्रम होता, ‘अर्ज कसा भरावा’. नोकरीचे फॉर्म निघायचे आणि पोरं फॉर्म हातात घेऊन गावभर हिंडायची. रंजना एकेक रकाना समजावून सांगायची. तोपर्यंत आमच्या कॅसेटीच्या कॉप्या आंबेगावच्या बाजूलाही जायला लागल्या होत्या. तिकडच्या लोणीच्या जीपमध्ये तर हा कार्यक्रम लई चालायचा.

ती म्हणाली, “आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. उदाहरणार्थ, काळे सुमन बाळू.” स्वतःचं नाव घ्यायची बंदी, म्हणून तिनं मनानं एक नाव बनवलं.

महिन्याभरानं कळलं, की लोणीच्या बाजूनं एकाच जागेसाठी तीन ‘काळे सुमन बाळू’ अर्ज करून बसल्या आहेत. ऑफिसनं तिन्ही अर्ज परत पाठवले. आणि त्या तिघींपैकी एकीला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या!

तो मिशीवाला जीपवाल्यांना विचारत थेट कॉलेजच्या फाटकावर आला. “ताई, कॅसेटीत तुमीच सांगितलं की!”

“अहो दादा, ते उदाहरण होतं!” रंजना रडकुंडीला आली.

“मंग उदाहरणाला तुमचं सोताचं नाव सांगायचं ना! मला कळलं असतं, हे बोलणारीचं हाय, माझं न्हाई. तुमी नावच सांगत न्हाई, तर आमाला काय उमजंल?”

माणूस चुकला होता, पण बोलला बरोबर! मी धावत घरी गेले. तात्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, “बघा, नाव न सांगितल्यामुळं एका माणसाचा अर्ज गेला. आता तरी?”

तात्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, “बरोबर आहे तुझं. इथून पुढं उदाहरणाला पुरुषाचं नाव घ्या!”

* * *

आता शेवटचा.

बी.ए.चा निकाल लागला आणि मला बघायला लोणीचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा. आमच्याकडून तात्या, नाना आणि माझे वडील, आण्णा. आण्णा थोरल्या भावासमोर फारसे बोलत नाहीत. आत नानी माझ्या आईला मदत करत होती.

पाहुणे यायच्या आधी तात्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणाले होते, “आज हळू बोल. विचारलं तेवढंच. आणि तो तुझा कॅसेटमधला सूर नको.”

“का?”

“का विचारू नको.”

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा मुलाचे वडील रंगात आले होते. “मास्तर, तुमच्या त्या कॅसेटी आमच्या लायनीला लागत्यात बरं का! तुमचं मार्गदर्शन झ्याक असतं.”

तात्या खुलले. “आपलं काहीतरी, समाजासाठी.”

“पर त्या दुसऱ्या बाजूला एक पोरगी असती. लई तोंडाळ! परवा म्हनती, हुंडा मागणाऱ्याला च्यासुद्धा पाजू नगा. समदी गाडी हसली, माझ्याकडं बघून! कुणाची वो ती?”

माझ्या हातात सहा कप होते. एकही हलला नाही.

तात्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “असेल नारायणगावची कुणीतरी. आमच्या गावची नाही.”

“न्हाय न्हाय,” नाना म्हणाले. “आमच्या गावात तसल्या पोरी नाहीत.”

आण्णांनी मान खाली घातली.

“नावबी सांगत न्हाई ती,” मुलाचे वडील म्हणाले. “लाज वाटत आसंल!”

“तर काय!” तात्या म्हणाले. “असल्या पोरींना कसलं आलंय नाव!”

मी ट्रे खाली ठेवला. कुणाच्याच हातात कप दिला नाही. आणि जो सूर नको म्हणून सांगितलं होतं, त्याच सुरात, आतल्या चुलीपर्यंत जाईल असं मी म्हणाले, “सुरेखा दत्तात्रय थोरवे. बी.ए. राहणार निमगाव सावा. तुमच्या जीपमध्ये बोलते ती मीच.”

मुलाच्या मामांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“सुरेखा,” तात्या दात आवळून म्हणाले, “आत जा.”

“नाही जाणार तात्या. पुढच्या कॅसेटीत पहिलं वाक्य हेच असेल. माझं नाव, मग रंजनाचं, मग नानीचं. तुमचा टेपरेकॉर्डर तुम्ही घरी ठेवा, मी दुसरा बघेन. पण त्या कॅसेटीत बिननावाची मी पुन्हा बोलणार नाही.”

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

तात्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी आण्णांकडे पाहिलं. आण्णा माझ्याकडे बघत होते. मुलाच्या वडिलांनी ट्रेमधल्या चहाकडे पाहिलं.

“बोला की!” मी म्हटलं.

तात्यांनी चष्मा पुसायला घेतला.