नावं जुळली म्हणून

माझ्या धाकट्या मामांइतका संशयी माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल, आणि तितका निष्पापही. ते गेले त्याला आता महिना झाला. परदेशी जाणाऱ्यांचे पासपोर्ट तपासण्यात त्यांची सारी नोकरी विमानतळावर गेली. निवृत्त होऊन कुंभकोणमला आले तरी तपासणी थांबली नाही. पाहुणा पायरी चढला की ते चष्मा पुसून त्याचा चेहरा तीनदा न्याहाळत. "कोठून आलां? किमर्थ आलां? किती दिवस राहणार?" दिवाळसणाला माझ्या नवऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं. मामी आतून ओरडली, "अय्यो, जावई आहेत ते! आत तरी घ्या!" मामा शांतपणे म्हणाले, "असतील. विचारायला काय होतं?" गोविंदपुरमला विठ्ठलापुढे भजन ऐन रंगात असतानाही ते माझ्या कानाशी लागत, "तो तिसरा टाळकरी बघ. डोळे मिटलेत, पण लक्ष दाराकडे आहे."

विमानतळांवर संगणक बसवावेत म्हणून त्यांनी दिल्लीला किती अर्ज धाडले कोण जाणे. "माणसाचा डोळा थकतो, त्याला दया येते. यंत्राला येत नाही," असं मला समजावत. नव्वदनंतर सरकारने खरोखरच त्यात पैसा ओतला, संशयितांच्या याद्या यंत्रात गेल्या. मामांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला.

पुढच्याच वर्षी सिंगापूरहून फोन आला. त्यांची एकुलती एक मुलगी गेली होती. संध्याकाळचं विमान मिळालं तरच अग्नी देण्यापूर्वी तिचं तोंड दिसणार होतं. मामी अंथरुणाला खिळलेली; मामा एकटेच निघाले. खिडकीवरच्या तरुण अधिकाऱ्याने त्यांचं नाव यंत्रात घातलं आणि ते यादीतल्या कुणाशी तरी जुळलं. आमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. एकाच नावाचे राव तंजावर मुलखात घरोघर सापडतील. हे ते नव्हेत, अशी खात्री पटेपर्यंत विमान गेलं. मामा पोचले तेव्हा जावयाने त्यांच्या हाती अस्थी दिल्या.

परतल्यावर ते कुणावर चिडले नाहीत. एका दुपारी मात्र आपणहून मला म्हणाले, "मीही एकाला असंच थांबवलेलं, गं. आई गेली होती त्याची. मी त्याला खुर्ची दिली, कॉफी मागवली. घरी येऊन तुझ्या मामीला सांगितलं, आज एकाशी फार चांगलं वागलों."



"तो खिडकीवरचा पोरगाही चांगला होता," मामा म्हणाले. "त्याने मला कॉफी दिली. मी ती सगळी प्यालों."