निंबोळी अर्कात बुरशी मिसळायचा माझा सल्ला

मी मोहोळजवळच्या एका प्रयोगशाळेत किडी मारणाऱ्या बुरशीवर काम करते. पंधरा दिवसांपूर्वी वांगी पिकवणाऱ्या सुनंदाताईंना सांगितलं होतं, वांग्यावरच्या पांढऱ्या माशीसाठी निंबोळी अर्क आणि बुरशी एकाच पंपात मिसळून फवारा.

आज सकाळी त्यांच्या रानात गेले. माशी जशीच्या तशी होती.

"तुमी सांगितलं तसंच केलं," ताई म्हणाल्या. "पण चार सऱ्या माज्या मनानं ठेवल्या. आदी अर्क, चार दिसांनी बुरशी. हितं बघा की."

मी त्या सऱ्यांतली पानं उलटून पाहिली. माशीच्या मेलेल्या पिलांवर बुरशी वाढली होती.

"असं का केलंत?"

"बुरशी जित्ती असती म्हणला होता तुमी. मग एवढ्या कडू अर्कात ती तरी कशी जगंल?"

प्रयोगशाळेत मी बाजारातला सौम्य अर्क वापरला होता. ताईंचा घरचा अर्क फार दाट होता. ते मी विचारलंच नव्हतं.

हाच सल्ला आणखी सहा जणांना दिला होता. दुपारी सगळ्यांना फोन केले. दोघांनी आधीच फवारलं होतं. त्यांची माफी मागितली.

तुमच्यापैकी कुणी घरच्या अर्कात बुरशी मिसळून फवारली आहे का? काय झालं, ते खरं सांगा.