हार घातलेल्या विहिरीचं पाणी

मी सातवीत शाळा सोडलेला कोकणातला माणूस. नागपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा गडी म्हणून लागलो तो तिथे शिकवणाऱ्या आमच्या सरांच्या शब्दावर. ते उपकार मी आजही मानतो, म्हणून पुढचं लिहिताना हात जरा अडखळतो. नोकरी अजून कच्ची होती, बायको-मुलं तिकडे गावी. सरांनी चष्मा काढून पुसला तरी आपलं काय चुकलं ते मी आठवू लागायचो.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. सर रविवारी खेड्यांत जाऊन विज्ञानाच्या गप्पा मारायचे आणि मी सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन एसटीत त्यांच्या शेजारी बसायचो. त्या रविवारी काटोलच्या पुढचं एक गाव होतं. विषय, पिण्याचं पाणी.

विषय आधी कळवलेला. त्यामुळे सरपंचांनी विहिरीलाच प्रमुख पाहुणी केलं होतं. कठड्याला चुना, पायरीशी नारळ, रहाटाला झेंडूचा मनगटाएवढा हार. विज्ञान येणार म्हणजे पूजा नको?

सरांनी मला गावातल्या दोन्ही विहिरींचं पाणी आणायला पाठवलं. या विहिरीवर सरपंचांनी आधी माझं आडनाव विचारलं. ते पसंत पडल्यावर दोर हातात दिला. दुसरी विहीर बौद्ध वस्तीत. तिथे एका म्हातारीने स्वतःच बादली ओढून बाटली भरून दिली आणि विचारलं, "चहा घेतला का गा?" मग तीही माझ्या मागोमाग शाळेच्या ओसरीपर्यंत आली आणि खालीच, उन्हात उभी राहिली.

सरांनी सुरुवात झोकात केली. "विज्ञानाला कोणाची भीड नसते!" टाळ्या पडल्या.

सरपंच पुढे सरसावले. "आधी तिकडचं दाखवा सर. लोकायले पाहू द्या, काय पितेत ते."

सरांनी वस्तीच्या पाण्याचा थेंब ठेवला. सरपंचांनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून पाहिलं. "काहीच नाही ना जी यात."

मग गावच्या विहिरीचा थेंब. सरपंच एकदम मागे सरकले. "अरे बाप्पा! हालून राहिलं काहीतरी!"

दहाबारा जणांनी पाहिलं. प्रत्येकाला हालताना दिसलं. मागून एकजण म्हणाला, "सरपंच, हार घातला त नाचून राहिले वाटते!" हशा पिकला, पण सरपंचांकडे नजर जाताच ज्याने त्याने तो गिळला.

"बाटल्या बदलल्या," सरपंच म्हणाले. "तुमच्या मानसानं घोटाळा केला, सर."

सर माझ्याकडे वळले. भीड नसलेलं विज्ञान घसा खाकरत म्हणालं, "होऊ शकतं. आमचा माणूस कमी शिकलेला आहे."

'हो, चुकलं' एवढं म्हटलं की सुटलो, नोकरीही राहिली. गावभर मोकळा श्वास, सरांना संत्र्यांची टोपली. पण मी घोटाळा केला नव्हता. आणि हातातल्या जंतूंच्या बाटलीत झेंडूची एक पाकळी तरंगत होती.

"सर," मी बाटली पुढे धरत म्हणालो, "यात पाकळी आहे."

बाटली या हातातून त्या हातात गेली. तेवढ्यात खालून म्हातारी म्हणाली, "आमच्या विहिरीले हार कोन घालते गा? आमी त नुसती दर साली उपसून साफ करतो."

सरपंचांना अचानक चहाची आठवण झाली. आभाराचं भाषण मुख्य भाषणाहून लांबलं. त्यात विहिरीचं नावही निघालं नाही.

परतताना एसटीत, तरीही मिळालेली संत्र्यांची टोपली आमच्या दोघांच्या मधे होती. मी मनात गावचं तिकीट काढून ठेवलं होतं. काटोल आल्यावर सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढच्या वेळी पाणी गाळून आणत जा."

"हो सर," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी त्यांनीच शब्द टाकून मला कायम केलं. म्हणून तर म्हणतो, उपकार. पाणी मी पुढेही जसंच्या तसं भरत राहिलो. फक्त त्यानंतर सरांनी पाण्याचा विषय घेतला नाही. ते ग्रहताऱ्यांवर बोलू लागले.